बेताच्या खर्चात सणासाठी घरच्या कुकीज आणि गोड खाऊ

सणाच्या दिवसांत आप्तेष्टांना देण्यासाठी घरी कुकीज करायला घेतल्या की नवशिक्याचा खर्च वाढतो तो बहुधा जिन्नस महाग असल्यामुळे नव्हे, तर प्रकार फार निवडल्यामुळे. पाच पाककृती निवडल्या की प्रत्येकीसाठी दोन-तीन खास जिन्नस आणावे लागतात, त्यांतले चमचा-दोन चमचे वापरले जातात आणि उरलेली पाकिटे पुढचे वर्षभर फडताळात पडून राहतात. म्हणून या लेखात एकाच पिठापासून तीन चवींच्या कुकीज आणि त्यांच्या जोडीला दोन सोपे गोड पदार्थ एवढाच बेत मांडला आहे. काटकसर प्रकारांच्या संख्येत करावी, बटरच्या दर्जात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढची सगळी मांडणी त्याच मताला धरून आहे.

आधी मोजणी, मग खरेदी

कागद-पेन घेऊन सर्वप्रथम माणसे मोजावीत. किती घरी डबा द्यायचा आहे आणि प्रत्येक डब्यात किती कुकीज ठेवायच्या आहेत हे ठरले की उरलेला हिशेब आपोआप सुटतो. एका मध्यम आकाराच्या कुकीला सुमारे २० ग्रॅम कच्चे पीठ लागते. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर आणि १०० ग्रॅम साखर मिळून ६०० ग्रॅम पीठ तयार होते, म्हणजे त्यात ३० कुकीज होतात. दहा घरी प्रत्येकी सहा कुकीज द्यायच्या असतील तर हेच प्रमाण दुप्पट करावे लागेल. प्रमाण ठरल्यावर प्रत्येक जिन्नसाचा १०० ग्रॅमचा दर लिहून त्याला लागणाऱ्या वजनाने गुणावे आणि आलेल्या बेरजेला कुकीजच्या संख्येने भागावे, म्हणजे एका कुकीला किती खर्च येतो ते कळते. हा हिशेब एकदा केला की बटर, सुकामेवा आणि चॉकलेट या तिघांवरच बहुतेक पैसा खर्च होतो आणि मैदा-साखरेचा वाटा त्यामानाने किरकोळ असतो, हे स्पष्ट दिसते. मैद्याच्या दोन पाकिटांतला फरक शोधत दुकाने पालथी घालण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

बाजारात जाण्यापूर्वी घरातले फडताळ उघडून पाहावे. पिठीसाखर विकत आणण्याची गरज नसते, कारण साधी साखर मिक्सरमध्ये बारीक करून चाळून घेतली की काम भागते. दालचिनीची पूड आणि सुंठ लहानात लहान पाकिटात घ्यावी, कारण मसाल्यांचा वास काही महिन्यांत उतरतो. चॉकलेटच्या तयार चकत्यांपेक्षा किंवा दाण्यांपेक्षा साधी वडी घेऊन ती सुरीने चिरावी. दाणे आकार टिकवण्यासाठी बनवलेले असतात आणि वितळवल्यावर ते वडीइतके सुरळीत पसरत नाहीत. सुकामेवा सुटा मिळत असेल तर लागेल तेवढाच घ्यावा आणि घेण्यापूर्वी एक दाणा चाखून पाहावा, कारण खवट दाणे स्वस्त मिळाले तरी अख्खा घाणा वाया घालवतात. बटर मात्र दर उतरलेला असताना आधीच घेऊन ठेवता येते. घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले तर ते काही महिने चांगले राहते.

कुठे हात आखडता घ्यावा, कुठे घेऊ नये

बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. ब्रेडला लावायचे जे स्वस्त आणि हलके पदार्थ मिळतात त्यांत स्निग्धांश बराच कमी आणि पाणी बरेच जास्त असते, त्यामुळे त्यांच्या कुकीज खुसखुशीत न होता चिवट किंवा चपट्या होतात. पैसे वाचवायचेच असतील तर ज्याच्या वेष्टनावर ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश लिहिलेला आहे असे बेकिंगचे मार्गरिन घेऊन ते बटरबरोबर निम्मे-निम्मे वापरावे. चव थोडी उतरते, पण पोत टिकतो. या पिठात तेल वापरू नये, कारण द्रवरूप तेल साखरेबरोबर फेटून फुलत नाही आणि पिठाला आकारही धरू देत नाही. खारे बटर घरात असेल तर वेगळे बिनमिठाचे आणण्याची गरज नाही, फक्त पाककृतीतले मीठ वगळावे.

व्हॅनिलाचा अस्सल अर्क महाग असतो आणि तो नसला तरी चालते. एका संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग बारीक किसून तो साखरेत बोटांनी चोळावा. साखर किंचित ओलसर आणि केशरी होते, सालीतले सुगंधी तेल तिच्यात उतरते आणि स्वयंपाकघरभर वास पसरतो. सालीचा आतला पांढरा भाग कडू असतो, म्हणून किसणी खोलवर जाऊ देऊ नये.

उपकरणांपैकी एका गोष्टीवर जरूर खर्च करावा आणि ती म्हणजे साधा डिजिटल वजनकाटा. कपाने मोजलेला मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि पाकिटात कप खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन-अडीच कपांत हा फरक इतका होतो की तीच पाककृती एकदा मऊसूत आणि एकदा कोरडी ठणठणीत निघते. साचे, सिलिकॉनचे कागद, कुकीज निवण्याची खास जाळी यांपैकी काहीही नसले तरी अडत नाही.

पीठ करण्याची कृती

येथे घेतलेले प्रमाण शॉर्टब्रेड या जुन्या स्कॉटिश पदार्थाचे आहे: वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग बटर आणि एक भाग साखर. यात अंडे लागत नाही, सोडा किंवा बेकिंग पावडर लागत नाही आणि जिन्नस इतके थोडे असतात की चूक झाली तरी ती शोधणे सोपे जाते. नवशिक्याने सुरुवात याच पिठाने करावी असे मी आग्रहाने सांगेन. ३० कुकीजसाठी ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम बारीक केलेली साखर आणि पाव चमचा मीठ घ्यावे.

बटर फ्रिजमधून काढून लहान तुकडे करून ठेवावे. ते १८ ते २० अंश सेल्सिअसच्या सुमारास योग्य होते. बोटाने दाबल्यावर खळगा पडला, पण बोट आत घसरले नाही आणि बटरच्या पृष्ठभागावर तेलकट चकाकी आली नाही, तर ते तयार आहे असे समजावे. चकाकी दिसू लागली तर बटर जास्त मऊ झाले आहे, अशा वेळी ते दहा मिनिटे परत फ्रिजमध्ये ठेवावे. घाईने गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेले बटर या कामी येत नाही.

बटर आणि साखर लाकडी चमच्याने दोन-तीन मिनिटे फेटावे. मिश्रणाचा पिवळा रंग फिकट होऊ लागतो, चमच्याच्या मागे रेघा उमटून राहतात आणि भांड्याच्या कडेला घासणाऱ्या साखरेचा आवाज कमी होतो. येथेच थांबावे. केकसाठी फेटतात तितके हे फेटू नये, कारण जास्त हवा भरली की कुकीज ओव्हनमध्ये फुगून पसरतात आणि त्यांचा आकार जातो.

आता मैदा आणि मीठ चाळून दोन भागांत घालावे आणि कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच मिसळावे. पोळीच्या कणकेसारखे हे पीठ मळून मऊ करायचे नसते. जितके मळाल तितके मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे त्यातले चिवट प्रथिन, ताणले जाते आणि कुकी कडक होते. पीठ भुगा-भुगा वाटले तर घाबरून लगेच दूध घालू नये. मूठभर पीठ हातात घेऊन दाबावे. हाताच्या उबेने ते एकत्र येऊन मुठीचा आकार धरत असेल तर प्रमाण बरोबर आहे. तरीही विस्कटत असेल तरच एक चमचा थंड दूध शिंपडावे.

पिठाचे २०० ग्रॅमचे तीन गोळे करावेत. पहिल्यात संत्र्याची कीस चोळलेली दोन चमचे साखर घालून हलकेच मिसळावी. दुसऱ्यात १० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर आणि, ती पीठ कोरडे करते म्हणून, एक चमचा दूध घालावे. तिसऱ्यात एक चमचा दालचिनीची पूड आणि अर्धा चमचा सुंठ घालावी. एवढ्या जिन्नसांत तीन वेगळ्या कुकीज होतात आणि डब्यात शेजारी-शेजारी मांडल्यावर त्या तीन वेगळ्या पाककृतींच्या वाटतात.

आता प्रत्येक गोळ्याचा सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा गोल रोल वळावा आणि बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून निदान एक तास फ्रिजमध्ये ठेवावा. पहिल्या अर्ध्या तासात तो दर दहा मिनिटांनी पाव वळसा फिरवावा, नाहीतर खालची बाजू फ्रिजच्या कप्प्यावर चपटी होते आणि कुकीज एका बाजूने कापल्यासारख्या दिसतात. रोल घट्ट झाला की बाहेरून जाडसर साखरेत किंवा बारीक चिरलेल्या सुक्यामेव्यात लोळवावा. सुकामेवा पिठात मिसळला तर १०० ग्रॅमही पुरत नाही, तोच कडेला लावला तर एका रोलला २० ग्रॅम पुरतो आणि डोळ्यांना तर तो जास्तच दिसतो. नंतर धारदार सुरीने ८ ते ९ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात. एका रोलमधून दहा चकत्या निघतात आणि चिमूटभरही पीठ वाया जात नाही.

साच्यांनी कापलेल्या कुकीजपेक्षा मी नवशिक्याला हीच पद्धत सुचवते, कारण साच्याने कापताना उरणारे तुकडे गोळा करून पुन्हा लाटावे लागतात, प्रत्येक वेळी थोडा मैदा भुरभुरावा लागतो आणि शेवटच्या लाटणीच्या कुकीज पहिलीपेक्षा कडक निघतात. मुलांना लाटायची हौस असेल तर पीठ दोन कागदांच्या मध्ये ठेवून लाटावे, म्हणजे वरून मैदा लागत नाही, आणि सुरीने चौकोन किंवा तसेच सरळ रेषेत बसणारे आकार कापावेत. कच्चे पीठ मात्र मुलांना चाखू देऊ नये. त्यात अंडे नसले तरी मैदा हा कच्चाच पदार्थ असतो आणि त्यात अपायकारक जिवाणू असू शकतात.

भाजणे

ओव्हन १७० अंश सेल्सिअसला, ओव्हनच्या आतला पंखा चालू असेल तर १५० अंशांना, किमान १५ ते २० मिनिटे आधी तापवावा. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत बऱ्याचदा फरक असतो. म्हणून पूर्ण ट्रे आत सरकवण्यापूर्वी दोनच कुकीज भाजून पाहाव्यात. बेताच्या खर्चात करणाऱ्यासाठी ही सर्वांत मोलाची सवय आहे, कारण दोन कुकीज करपल्या तर नुकसान नगण्य असते, तीस करपल्या तर सगळे बटर गेले. त्या दोन फार पसरल्या तर उरलेल्या चकत्या आणखी अर्धा तास थंड कराव्यात. कडा लवकर काळपटल्या तर तापमान दहा अंशांनी उतरवावे.

ट्रेवर बटर पेपर घालून चकत्यांमध्ये तीन सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि ट्रे मधल्या कप्प्यात ठेवावा. भाजायला १४ ते १८ मिनिटे लागतात. घड्याळापेक्षा कुकीच्या कडेकडे लक्ष द्यावे. कडेला फिकट सोनेरी रेघ उमटलेली असते, मधला भाग अजून पांढुरकाच असतो आणि बोट लावले तर मऊ लागतो. याच वेळी ट्रे बाहेर काढावा. मध्यभाग कच्चा राहिला असे वाटून आणखी पाच मिनिटे ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तिथेच कुकी कडक होते. गरम ट्रेवर पाच मिनिटे तशाच राहू दिल्या की त्या आतल्या उष्णतेने पुऱ्या होतात आणि उचलताना मोडतही नाहीत. कोकोच्या कुकीजचा रंग पाहून काही कळत नाही, त्यामुळे साध्या कुकीजना जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ धरावा आणि कड हलकेच दाबून ती घट्ट झाली आहे की नाही ते पाहावे.

गडद रंगाचा ट्रे उष्णता जास्त शोषतो, तेव्हा त्यावरच्या कुकीज दोन-तीन मिनिटे आधी तपासाव्यात. दुसरा घाणा लावताना ट्रे पूर्ण निवलेला असावा. गरम ट्रेवर चकत्या ठेवल्या की ओव्हनमध्ये जाण्याआधीच बटर वितळू लागते. सगळे घाणे एकाच बैठकीत, एकापाठोपाठ काढावेत म्हणजे ओव्हन तापवण्याची वीज किंवा गॅस एकदाच लागतो. बटर पेपर काळा पडेपर्यंत किंवा ठिसूळ होईपर्यंत दोन-तीन घाण्यांना पुन्हा वापरता येतो.

सजावट हवीच असेल तर १०० ग्रॅम पिठीसाखरेत तीन ते चार चहाचे चमचे संत्र्याचा रस मिसळून आयसिंग करावे आणि कोपरा कापलेल्या पिशवीतून पूर्ण निवलेल्या कुकीजवर बारीक रेघा ओढाव्यात. ते सुकायला काही तास लागतात, तोवर डबा भरू नये.

सालींची कँडी आणि चॉकलेटचे पापुद्रे

संत्री खाऊन झाल्यावर साली टाकून दिल्या जातात. त्याच सालींपासून होणारी कँडी भेटीच्या डब्यातला सर्वांत देखणा पदार्थ ठरते, आणि तिला लागते ती फक्त साखर आणि थोडा धीर. ज्या संत्र्याची साल किसून घेतली आहे ते यासाठी वापरू नये. फळावर मेणाचा थर असू शकतो, म्हणून संत्री गरम पाण्यात ब्रशने नीट घासून धुवावीत. साली अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापून थंड पाण्यात घालाव्यात, उकळी आल्यावर दहा मिनिटे उकळावे आणि पाणी ओतून द्यावे. हे तीनदा, दर वेळी ताजे थंड पाणी घेऊन करावे, कारण कडूपणा त्या पाण्याबरोबरच निघून जातो. मग साली वजन करून तेवढीच साखर आणि तेवढेच पाणी घ्यावे आणि मंद आचेवर, न ढवळता, पाऊण ते एक तास शिजवावे. सुरुवातीला अपारदर्शक असलेली पांढरी बाजू हळूहळू काचेसारखी पारदर्शक होते. ते दिसले की पट्ट्या एकेक करून काढाव्यात, चाळणीवर रात्रभर सुकवाव्यात आणि साखरेत घोळवाव्यात. उरलेला पाक फेकू नये, तो आयसिंगमध्ये किंवा सरबतात छान लागतो.

चॉकलेटच्या पापुद्र्यांसाठी २०० ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरावे. त्यातले दोन तृतीयांश चॉकलेट, मंद उकळणाऱ्या पाण्याच्या भांड्यावर दुसरे भांडे ठेवून, पण त्याचा तळ पाण्याला लागू न देता, वितळवावे. पाण्याचा एक थेंबही चॉकलेटमध्ये पडला तर ते घट्ट होऊन दाणेदार होते, म्हणून भांडे आणि चमचा पूर्ण कोरडे हवेत. भांडे खाली उतरवून उरलेले चॉकलेट थोडे-थोडे घालत ढवळावे. हे न वितळलेले चॉकलेट सगळ्याला हळूहळू थंड करते आणि त्यामुळे पापुद्रे चकचकीत होऊन कटकन मोडतात. बटर पेपरवर तीन-चार मिलिमीटर जाडीचा थर पसरून वर सालीच्या कँडीचे बारीक तुकडे आणि थोडा भाजलेला सुकामेवा पेरावा. घट्ट झाल्यावर हाताने वेडेवाकडे तुकडे करावेत. काही दिवसांनी त्यावर पांढुरक्या रेषा आल्या तर त्या कोको बटरच्या, म्हणजे चॉकलेटमधल्याच स्निग्धांशाच्या असतात, बुरशीच्या नव्हेत. खाण्यास काही अपाय नसतो.

साठवण, वेळापत्रक आणि डबा भरणे

पिठाचे रोल फ्रीझरमध्ये दोन ते तीन महिने टिकतात, त्यामुळे सगळे काम सणाच्या आदल्या दिवसावर ढकलण्याची गरज नाही. दोन-तीन आठवडे आधी, बटर स्वस्त असेल त्या दिवशी, रोल करून ठेवावेत. आठवडाभर आधी साली शिजवाव्यात. देण्यापूर्वी दोन-तीन दिवस कुकीज भाजाव्यात. गोठलेला रोल दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवून मग कापावा, नाहीतर चकत्या तुटतात. भाजायला एक-दोन मिनिटे जास्त लागतील.

भाजलेल्या कुकीज पूर्ण निवल्यावरच हवाबंद डब्यात भराव्यात, कोमट भरल्या तर आत वाफ धरते आणि त्या सादळतात. नीट ठेवल्या तर त्या दोन आठवडे खुसखुशीत राहतात. सालींची कँडी ओलसर असते, म्हणून ती कुकीजबरोबर उघडी कधीच ठेवू नये, कागदात किंवा लहान बरणीत वेगळी ठेवावी. दालचिनीच्या कुकीजचा वास साध्या कुकीजना लागतो, त्यामुळे साठवताना त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि एकाच डब्यात मांडणी अगदी देण्याच्या दिवशी करावी.

डब्यांवर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या कोमट पाण्यात भिजवून लेबले काढावीत, झाकणांना वास राहिला असेल तर ती खायचा सोडा आणि पाणी लावून रात्रभर ठेवावीत, आणि नीट कोरड्या करून वापराव्यात. वर साधा तपकिरी कागद आणि सुतळी पुरते. मात्र एक छोटी चिठ्ठी प्रत्येक बरणीला जरूर बांधावी आणि तिच्यावर भाजल्याची तारीख लिहून आत गहू, दूध आणि कोणता सुकामेवा आहे ते स्वच्छ अक्षरांत नमूद करावे. ज्यांना शेंगदाणा, बदाम किंवा अक्रोड यांची अॅलर्जी असते त्यांना त्यांचा कणही त्रास देऊ शकतो, तेव्हा त्यांच्यासाठीचा रोल सुकामेव्यात न लोळवता, स्वच्छ धुतलेल्या सुरीने कापून, सर्वांत आधी आणि वेगळ्या कागदावर भाजावा.